व्हर्च्युअल मशीनमधील उपकरणांचा क्रम आणि नावे

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्यातली डिस्क किंवा नेटवर्क कार्ड हाताला लागत नाही. अशी उपकरणे असल्याचा भास एम्युलेटर हा प्रोग्रॅम निर्माण करतो. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेला क्यूईएमयू हा त्यांतला एक प्रसिद्ध एम्युलेटर. या उपकरणांना आतली ऑपरेटिंग सिस्टम जी नावे देते, ती बऱ्याचदा क्रमावर अवलंबून असतात. क्रम बदलला की नाव दुसऱ्याच उपकरणाला जाते.

रांगेतला नंबर आणि गट नंबर

मेढा हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्यालय. तिथल्या तहसील कार्यालयात कामाला आलेला शेतकरी रांगेत आज तिसरा असेल, उद्या सातवा. त्याच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर मात्र रांगेवर ठरत नाही. लिनक्समधील ‘व्हीडीए’, ‘व्हीडीबी’ किंवा ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही डिस्कची नावे रांगेतल्या नंबरासारखी आहेत. जी डिस्क आधी सापडली तिला ‘ए’, नंतरचीला ‘बी’.

क्रम कसा ठरतो?

जुन्या आयडीई पद्धतीत दोन केबल आणि प्रत्येकीवर दोन जागा, अशा चार डिस्क बसत. ‘एचडीए’ ते ‘एचडीडी’ ही नावे त्या जागांना बांधलेली होती. मधली डिस्क काढली तरी पुढचीचे नाव तेच राहत असे. पीसीआय उपकरणांना स्लॉट क्रमांक असतो. तो सांगितला नाही, तर क्यूईएमयू सहसा पहिला मोकळा स्लॉट देतो. त्यामुळे सुरू करण्याच्या आज्ञेत एक उपकरण मध्येच वाढवले, तरी पुढच्यांचे स्लॉट सरकू शकतात. व्हर्च्युअल मशीन सांभाळणारे लिबव्हर्ट हे सॉफ्टवेअर म्हणूनच प्रत्येक उपकरणाचा पत्ता नोंदवून ठेवते. मात्र तिथे लिहिलेले डिस्कचे नाव आत तसेच दिसेल, याची हमी तेही देत नाही.

कोणत्या डिस्कवरून मशीन सुरू व्हावे, हा क्रम वेगळा असतो. क्यूईएमयूमध्ये तो ‘बूटइंडेक्स’ने ठरतो. लहान आकडा आधी.

नुकसान कुठे होते?

समजा, मशीनला दुसरी डिस्क जोडली आणि तिला आधीचा स्लॉट मिळाला. जुनी ‘व्हीडीए’ आता ‘व्हीडीबी’ होते. सेटिंगमध्ये जुनेच नाव असेल, तर मशीन सुरू होताना अडकते. नवी कोरी डिस्क समजून कोणी ‘व्हीडीबी’ फॉरमॅट केली, तर जुनी माहिती जाते.

नेटवर्क कार्डांचीही तीच गत. २०१३ पासून सिस्टमडीने ‘ईटीएच०’ऐवजी जागेवरून नाव देण्याची सोय केली. ‘ईएनपी०एस३’ म्हणजे बस शून्य, स्लॉट तीन. इथे सापडण्याचा क्रम गौण ठरतो, पण एम्युलेटरने स्लॉट बदलला की नावही बदलते. विंडोजमध्ये स्लॉट बदलल्यास कार्ड नवे समजले जाऊ शकते आणि हाताने दिलेला आयपी पत्ता जुन्या, न दिसणाऱ्या कार्डाकडे राहतो.

भरवशाची ओळख

फाइल सिस्टमला तयार होताना यूयूआयडी ही ओळख मिळते. सेटिंगमध्ये डिस्कच्या नावाऐवजी ती लिहिली, तर क्रम बदलूनही योग्य डिस्क सापडते. तिच्या दोन मर्यादा आहेत. फॉरमॅट केल्यावर ती बदलते, आणि मशीनची हुबेहूब प्रत काढली की दोन्हीकडे तीच राहते. मूळ आणि प्रतीची डिस्क एकाच मशीनला जोडल्यास गोंधळ होतो.

कोऱ्या डिस्कला यूयूआयडी नसते. तिच्यासाठी एम्युलेटरमध्ये आपणच सिरियल क्रमांक द्यावा. व्हर्टिओ डिस्कसाठी तो २० अक्षरांपर्यंत असू शकतो. नेटवर्क कार्डासाठी मॅक पत्ता ठरवून द्यावा. फॉरमॅटची आज्ञा देण्यापूर्वी डिस्कचा आकार आणि सिरियल क्रमांक पाहावा; नुसत्या नावावर विसंबू नये.