कडेला कड : एका सांध्याचा इतिहास

फळीच्या कडेला दुसऱ्या फळीची कड अशी भिडवावयाची की मधून उजेडाची रेघही दिसू नये, हे काम ऐकावयास सोपे वाटते. परंतु खोडाच्या रुंदीहून रुंद असे जे जे मनुष्याने घडविले, मग ते दार असो, पेटी असो वा तारू, त्या साऱ्यास हाच सांधा आधार झाला आहे. ज्ञातीच्या इतिहासात राजेरजवाड्यांची नावे शोधण्याची हौस पुष्कळांस असते. आम्हांस हा सांधाच आपल्या पूर्वजांचा अधिक विश्वसनीय साक्षीदार वाटतो.

पाणिनीच्या व्याकरणात 'ग्रामतक्ष' व 'कौटतक्ष' असे दोन सुतार आढळतात. पहिला गावाचा, दुसरा आपल्या कुटीत स्वतंत्रपणे काम करणारा. बारा बलुतेदारांतील आपला सुतार पहिल्याच्या परंपरेतला. वाकस, करवत, रंधा, पटाशी, सामता व गुण्या घेऊन तो शेतकऱ्याच्या अंगणी जाई. काम जेथे, तेथे हत्यारे.

सांध्याची जुनी रीत मोठी मार्मिक आहे. दोन फळ्या वहीच्या पानांप्रमाणे मिटवून त्यांच्या कडा एकदमच रंधावयाच्या. रंधा किंचित कलला तरी एका कडेचा कल दुसरीच्या उलट पडतो, आणि फळ्या उघडून जोडल्या म्हणजे पृष्ठभाग सपाट येतो. लांब फळीची कड मध्यभागी केसभर खोलगट ठेवावयाची. कारण लाकूड टोकांकडून आधी सुकते, आकसते आणि सांधा प्रथम तेथेच उघडतो.

सांध्यास बळकटी देण्याची युक्तीही प्राचीन आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत उलुबुरुन येथे १९८२ साली सापडलेल्या, सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या तारवाच्या फळ्या ओकच्या सुट्या कुसांनी कडेला कड जोडलेल्या आहेत. १९५० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील हेरमान श्टायनर या सुताराने बीच लाकडाच्या दाबलेल्या चकत्या योजिल्या. त्या खाचेत बसवून सरस लाविला म्हणजे फुगून घट्ट होतात. १९६८ साली अशा खाचा पाडणारे हातयंत्र निघाले. तत्त्व जुनेच, केवळ कूस बदलले.

आज आपली मुले विजेची हातयंत्रे पेटीत घालून शहरातील घरोघरी कामास जातात. त्यांनी वडिलांचा धंदा बिघडविला, असे काही वृद्ध म्हणतात. आमचे मत तसे नाही. काम असेल तेथे हत्यारे नेणारी ही मुले ग्रामतक्षाच्याच वाटेने चालली आहेत. मात्र खाच यंत्राने पडली तरी कड जुळली की नाही, हे डोळ्यानेच पारखावे लागते. आणि ती नजर पेटीबरोबर विकत मिळत नाही.

अजिंठ्याच्या एका चित्रावरून काथ्याने फळ्या शिवून बांधलेले 'कौंडिण्य' हे गलबत २०२५ साली आपल्या नौदलात दाखल झाले. ते घडू शकले, कारण केरळातील कारागिरांच्या हाती ती विद्या अद्याप शिल्लक होती. आपल्या घरातील रंधा माळ्यावर गेला तरी चालेल. पण तो चालविणाऱ्या वृद्धापाशी नातवाला चार दिवस बसवावे, एवढीच ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे.