लग्नपत्रिकांचे पत्ते आणि जपानचा युगी

बियाणं, बचत, बाळंतपण यांवर आपण नेहमीच बोलतो. आज मात्र आम्ही जपानमधल्या एका पत्त्यांच्या खेळाबद्दल आणि त्याच्या कार्टूनबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आधी आम्हीही हसलोच होतो.

झालं असं, की आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलानं घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या, त्यांवर राक्षस आणि ड्रॅगन काढले आणि मित्रांबरोबर ओट्यावर डाव मांडला. पत्ते म्हणजे जुगार, असं म्हणत ताई ती चळत चुलीत घालायला निघाल्या. मुलगा रडत म्हणाला, "आई, हे तीन पत्तीचे नाहीत गं, युगीचे आहेत!" हा युगी कोण, ते बघायला म्हणून आम्ही मोबाइलसमोर बसलो आणि बसूनच राहिलो. त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला.

पत्ते म्हणजे जुगार ही भीती फक्त आपल्याच घरात नाही बरं का. १५४३ साली पोर्तुगीज लोक जपानच्या किनाऱ्यावर पोचले. त्यांच्याबरोबर पत्तेही गेले. पत्त्यांना जपानी भाषेत 'कारुता' म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजच आहे. आपल्या बोलण्यात बटाटा, पगार, चावी हे शब्द ज्यांच्याकडून आले, तेच हे पाहुणे. पुढे जपानी राज्यकर्त्यांनी जुगारापायी पत्त्यांवर पुन्हा पुन्हा बंदी घातली. कारागीर दर वेळी नवी चित्रं काढून नवे पत्ते करत. त्यातूनच फुलांच्या चित्रांचे 'हानाफुदा' पत्ते आले. आज व्हिडिओ गेमसाठी ओळखली जाणारी निन्टेन्डो कंपनी १८८९ मध्ये क्योतो शहरात हेच पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली होती.

आता युगीची गोष्ट. काझुकी ताकाहाशी नावाचे एक चित्रकार होते. जन्म १९६१चा. बरीच वर्षं चित्रकथा काढूनही त्यांना म्हणावं तसं यश मिळालं नव्हतं. १९९६ मध्ये, पस्तिशीला टेकले असताना, त्यांनी एका साप्ताहिकात 'यु-गि-ओ!' ही चित्रकथा सुरू केली. नावाचा अर्थ, खेळांचा राजा. युगी हा शाळेतला बुटका, भित्रा मुलगा. बाकीची पोरं त्याला छळतात. आजोबांच्या दुकानातलं एक जुनं इजिप्शियन कोडं तो जुळवतो आणि प्राचीन इजिप्तच्या एका राजाचा आत्मा त्याच्या सोबतीला येतो.

सुरुवातीला या कथेत सगळ्या प्रकारचे खेळ होते. पत्त्यांचा खेळ त्यांतला फक्त एक. अमेरिकेत १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं 'मॅजिक' नावाचा पत्त्यांचा खेळ काढला होता. त्यात प्रत्येक खेळाडू पत्ते गोळा करतो, अदलाबदल करतो आणि आपला संच आपणच बांधतो. ताकाहाशींनी तसाच खेळ आपल्या कथेत थोड्याच भागांपुरता आणला. पण वाचक मुलांची पत्रं येऊ लागली, हाच खेळ पुन्हा दाखवा म्हणून. मुलांच्या पत्रांनी कथेची वाटच बदलली.

१९९९ मध्ये कोनामी कंपनीनं या खेळाचे खरे पत्ते बाजारात आणले. एप्रिल २००० मध्ये टीव्हीवर मालिका सुरू झाली आणि सप्टेंबर २००४ पर्यंत २२४ भाग चालली. त्यानंतर नवे नायक घेऊन एकामागून एक मालिका येत राहिल्या. २०११ पर्यंत कोनामीचे २,५१७ कोटींहून जास्त पत्ते विकले गेले होते. गिनीज बुकात तशी नोंद आहे.

एवढे पत्ते खपले कसे? पाकीट बंद असतं. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. दुर्मीळ पत्ता क्वचितच निघतो, म्हणून मूल आणखी एक पाकीट मागतं. सोडतीच्या तिकिटाची ओढ असते, तशीच ही. तेव्हा ताईंची भीती अगदीच खोटी नव्हती. कार्टून बघून पत्ते हवेसे वाटतात, पत्ते हातात आले की कार्टून बघावंसं वाटतं. हा धंदा आहे, हे आपण ओळखून असावं.

पण गोष्टीत मात्र दुसरंच सांगितलंय. युगीच्या आजोबांकडे निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या ड्रॅगनचा दुर्मीळ पत्ता असतो. काइबा नावाचा श्रीमंत मुलगा त्यासाठी वाटेल ती किंमत द्यायला तयार असतो. आजोबा विकत नाहीत. का? तर तो त्यांच्या मित्रानं दिलेला असतो. पुढे काइबा तो जिंकतो आणि फाडून टाकतो, कारण तसे बाकीचे तीन त्याच्याकडेच असतात. माणसाची आठवण आणि बाजारातला भाव यांतला फरक तिथे आमच्या डोळ्यांसमोर आला.

युगीचा मित्र जोनोउची स्पर्धेत उतरतो तो बहिणीसाठी. तिची दृष्टी चाललेली असते आणि शस्त्रक्रियेला पैसे नसतात. युगी जिंकतो आणि बक्षीस मित्राला देऊन टाकतो. बहिणीचं ऑपरेशन होतं. हा भाग बघताना आमच्यातल्या दोघींनी पदरानं डोळे पुसले. दवाखान्याच्या पैशांसाठी गटाकडे हात पसरणं काय असतं, ते त्यांना ठाऊक आहे.

शेवटी युगीला त्या राजाशीच खेळावं लागतं. युगी जिंकला, तरच राजाच्या आत्म्याला शांती मिळणार. पहिल्या भागातला भित्रा पोरगा तिथे स्वतःच्या पायावर उभा राहतो, जिंकतो आणि सोबत्याला निरोप देतो. मूल मोठं होतं आणि आपला हात सोडतं, ते आम्हाला आठवलं.

ताकाहाशी जुलै २०२२ मध्ये ओकिनावाच्या समुद्रात गेले. वय साठ. काही महिन्यांनी बातमी आली, की पाण्याच्या ओढीत सापडलेल्यांना वाचवायला ते उतरले होते. ज्या माणसानं आयुष्यभर मैत्रीची गोष्ट काढली, त्यानं शेवटी तेच केलं.

तर मैत्रिणींनो, ताईंनी पत्ते जाळले नाहीत. मुलाशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या. पैसे लावायचे नाहीत आणि पाकिटांचा हट्ट करायचा नाही. खेळात प्रत्येकाचे ८००० गुण असतात, डाव चालला की ते वजा होत जातात. मुलगा आता वजाबाकी तोंडी करतो. जुन्या लग्नपत्रिका मात्र आम्ही सगळ्यांनी त्याला आणून दिल्या.

तुमचं मूल काय बघतं, काय खेळतं? चूल पेटवण्याआधी एकदा त्याच्याशेजारी बसून बघा.