दोन हलकी धान्ये

मनुष्याने आपल्या समाजात उच्चनीचतेच्या ज्या पायऱ्या बांधल्या, त्या त्याने आपल्या ताटातही उतरविल्या. तांदूळ व गहू ही मानाची धान्ये ठरली. देवाच्या नैवेद्यास ती, व्याह्याच्या पंक्तीस ती, आणि बारशाच्या घुगऱ्या सोडल्या तर प्रत्येक मंगल कार्यासही तीच. उरलेल्या धान्यांना ‘हलकी’, ‘भरड’, ‘रानटी’ अशी विशेषणे लागली. ही विशेषणे धान्याच्या गुणांवरून लागली, असा आपला समज असतो. वस्तुतः ती बहुधा खाणाऱ्याच्या दर्जावरून लागलेली असतात. ह्या विधानाची सत्यता पाहावयाची, तर अशा दोन धान्यांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचावा. त्यांतील एक आज सुशिक्षित मराठी कुटुंबांच्या न्याहारीत मानाने येऊन बसलेले ओट. दुसरी आमच्या रोहे-पेणच्या डोंगरउतारावरची नाचणी, जिला तिकडे नागली असेही म्हणतात.

प्रथम पाहुण्याचा वृत्तान्त घेऊ. ओट हे मुळात कोणी मुद्दाम पेरलेले धान्यच नव्हे. पश्चिम आशियात गहू व जव ह्यांची शेती सुरू झाली, तेव्हा त्यांच्या शेतात उगवणारे ते एक तण होते. शेती युरोपच्या उत्तरेकडे सरकली, तसे हे तणही बियाण्यात मिसळून तिकडे गेले. उत्तरेकडील थंड, ओलसर हवेत व निकृष्ट जमिनीत गहू हिरमुसला, पण हे तण जोमाने वाढले. तेव्हा शेतकऱ्याने शहाणपणा करून त्यालाच पीक मानले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी युरोपात त्याची स्वतंत्र लागवड होऊ लागली होती. रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात जर्मन लोक ओटाची पेज खातात, असे नमूद केले आहे; परंतु खुद्द रोमनांच्या दृष्टीने ते धान्य बिघडल्याचे चिन्ह होते. म्हणजे हलकेपणाचा शिक्का तेव्हाच बसला होता.

पुढे स्कॉटलंडात हे धान्य राष्ट्राचे अन्न झाले. तेथील शेतमजुराला वेतनाचा काही भाग ओटाच्या पिठाच्या रूपाने मिळे, आणि त्याची पेज व जाड भाकर ह्यांवर त्याचे घर चाले. डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी कोशात ह्या शब्दाचा अर्थ देताना इंग्लंडातील घोडे व स्कॉटलंडातील माणसे ह्यांना एकाच दावणीला बांधले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यावर, ‘म्हणूनच तुमच्याकडे घोडे नामांकित आणि आमच्याकडे माणसे,’ अशा आशयाचे उत्तर एका स्कॉटिश गृहस्थाने दिल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यातील वृत्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या अन्नाची लाज त्या लोकांनी बाळगली नाही. ओटाच्या पुढील भाग्योदयाचे एक बीज ह्या स्वाभिमानात आहे, असे आम्हांस वाटते.

दुसरे बीज यंत्रात आहे. ओटाच्या दाण्यावर कठीण टरफल असते, आणि आत स्निग्धांश इतर तृणधान्यांपेक्षा बराच अधिक, शेकडा सहा-सातच्या घरात असतो. टरफल काढून दाणा तसाच ठेवला, तर ह्या स्निग्धांशामुळे तो लवकरच खवट होतो. म्हणून त्यास आधी वाफ व उष्णता देऊन ही क्रिया थांबवावी लागते, आणि मग तो रुळांखाली चेपावा लागतो. पेणचे पोहे ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांस ह्यात नवल वाटणार नाही. भात भिजवावा, तापल्या भट्टीत भाजावा, गरम असतानाच चेपावा, ही आपली पूर्वापार रीतही त्याच जातीची. भेद इतकाच की, अमेरिकेत ही क्रिया मोठ्या गिरण्यांच्या हाती गेली. ओहायो प्रांतातील ऍक्रन गावी फर्डिनांड शूमाखर ह्या जर्मन माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओट दळण्याचा धंदा मांडला. त्याच प्रांतात १८७७ साली ‘क्वेकर’ ह्या नावाची व्यापारी निशाणी नोंदली गेली, आणि १९०१ साली त्या नावाची कंपनी उभी राहिली. सुटे, पोत्यातून मापून विकले जाणारे धान्य आता बंद डब्यात, चित्रासह व जाहिरातीसह घरोघर गेले. घोड्याच्या तोबऱ्यातील दाणा साहेबाच्या टेबलावर चढला तो असा.

तिसरे बीज शास्त्राचे. १९६३ साली हॉलंडमधील डी ग्रोट व त्याच्या सहकाऱ्यांनी ओट घातलेली पाव-रोटी खाणाऱ्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते, असे दाखविले. ओटातील बीटा-ग्लुकान नावाचा विद्राव्य तंतू आतड्यात बुळबुळीत होतो व पित्तातील आम्लांना आपल्याबरोबर बाहेर नेतो. ती भरून काढण्यासाठी यकृतास रक्तातील कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते. ह्या तंतूच्या दररोज ३ ग्रॅम सेवनाने हृद्रोगाचा धोका कमी होण्यास साहाय्य होऊ शकते, असे वेष्टणावर छापण्याची अनुज्ञा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली दिली; मात्र एकंदर आहारही बेताच्या स्निग्धांशाचा हवा, ही अट तीबरोबर होती. ओटाचा हा गुण खरा आहे, आणि तो नाकारण्यात काही देशाभिमान नाही.

हिंदुस्थानात मात्र ओटाची ओळख आजही मुख्यतः वैरण म्हणून आहे. उत्तरेत त्यास ‘जई’ म्हणतात व हिवाळ्यात हिरवा चारा म्हणून पेरतात. महाराष्ट्रात राहुरीच्या कृषि विद्यापीठाने ‘फुले हरिता’ ही जात काढली, तीही चाऱ्याचीच. आपल्या न्याहारीतील ओट पुष्कळसा परदेशातून, विशेषतः ऑस्ट्रेलियातून येतो. कोकणात तर त्यास थाराच नाही, कारण त्याला गारवा हवा आणि रोह्याच्या आसमंतात वर्षाकाठी पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या घरात पडतो, तोही चार महिन्यांत. असल्या पावसात, उतारावरच्या पातळ मातीत, कोण तग धरील? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे नाचणी होय.

दिव्याहून येणारा लोहमार्ग नागोठणे सोडून रोह्याकडे वळतो, तेथे मध्ये निडी हे लहानसे ठाणे लागते. ह्या टापूत जमिनीचे तीन थर ओळीने पाहावयास मिळतात. खाडीच्या अंगाला बांध घालून समुद्रापासून सोडविलेला खारेपाट, त्याच्या वर गोड्या पाण्याची भातखाचरे, आणि त्याहून वर डोंगराच्या कुशीत वरकस जमीन. पहिल्या दोहोंत भात होते. वरकसावर नाचणी, वरी, हरीक व कारळे ही पिके पाळीपाळीने घ्यावयाची आणि मग काही वर्षे जमिनीस विसावा द्यावयाचा, ही जुनी वहिवाट. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरातही भाताखालोखाल ह्याच धान्यांना स्थान आहे.

नाचणीही मूळची इकडची नव्हे. तिचे माहेर पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारावर, इथिओपियापासून युगांडापर्यंतच्या प्रदेशात आहे, आणि ती काही हजार वर्षांपूर्वी भारतात आली असे विद्वान मानतात. परंतु ती येथे अशी रुळली की कोणी तिला परकी म्हणणार नाही. ओटाच्या उलट तिच्या दाण्यावर कठीण टरफल नाही. ती कांडावी लागत नाही आणि तिचा कोंडा काढून टाकण्याची सोय जुन्या जात्यात नाही. म्हणून गरिबाच्या भाकरीत संपूर्ण दाणा उतरे. स्निग्धांश अल्प असल्यामुळे ती खवट होत नाही व कीडही सहसा लागत नाही. कणगीत वर्षानुवर्षे टिकते. ज्या घरी दुष्काळाची भीती असते, त्या घरी ह्या गुणाची किंमत सोन्याहून अधिक असते.

परंतु हे पीक काढणारे हात कोणाचे होते? बहुतांशी कातकरी, ठाकूर, धनगर व लहान कुळे ह्यांचे. रोपासाठी राब भाजावयाचा, म्हणजे झाडांचे टहाळ, गवत व शेण पसरून जाळावयाचे, आणि त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरावयाचे, ही इकडील पद्धत. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या, आणि ह्या टहाळावरच घाला आला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की, सरकारास १८८५ साली एक जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली बाहेर पडला, आणि राबाचा प्रश्न हा त्यातील एक कळीचा प्रश्न होता. डोंगरात फिरती शेती करणाऱ्यांना वनहद्दीत जे तुकडे कसावयास दिले गेले, त्यांस ‘दळी’ म्हणत. ते कसणाराच्या मालकीचे नव्हते, सरकारच्या मर्जीवर होते. हलके धान्य, हलकी जमीन आणि हलका हक्क, अशी ही त्रयी जुळली.

ह्या त्रयीमुळेच नाचणीस स्कॉटलंडचे भाग्य लाभले नाही. डोंगरावरचा मनुष्य खाली उतरला, मुंबईच्या गिरणीत वा गोदीत लागला, की भात खाणे हे त्याच्या उन्नतीचे पहिले लक्षण होई. त्यास दोष कसा द्यावा? ज्या अन्नाबरोबर अवहेलनाही वाढली जाते, ते अन्न कोणास प्रिय होईल? मुंबईची ही भूक रंगूनचा तांदूळ भागवीत असे. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला व ती वाट बंद झाली. १९४३ साली मुंबईत शिधावाटप आले. युद्ध संपले, तरी शिध्याच्या दुकानातून दाणा म्हणजे प्रामुख्याने तांदूळ व गहू हे समीकरण पुढे दृढ झाले, आणि नाचणीस तेथे फारसा वाव राहिला नाही.

शास्त्र गप्प होते असे मात्र नाही. निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर एक्रॉइड ह्यांनी १९३७ साली भारतीय अन्नांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. चुन्याच्या अंशात, म्हणजे कॅल्शियममध्ये, नाचणी इतर तृणधान्यांस किती मागे टाकते, हे तेव्हापासून उघड आहे. हीच संस्था पुढे हैदराबादेस गेली. तिच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते दहाच्याही आत, आणि ओटात पन्नासाच्या आसपास. उलट प्रथिनांत ओट पुढे आहे. नाचणीत ती सुमारे ७ ग्रॅम, तर ओटात १३ च्याही वर. बीटा-ग्लुकानचा विशेष गुणही ओटाचाच. नाचणीच्या नावे तो खपविणे हे शास्त्राला धरून होणार नाही. एक गोष्ट गृहिणींनी विशेष ध्यानात ठेवावी. नाचणीतील कॅल्शियमचा बराच भाग तिच्या कोंड्यात असतो. बाळासाठी सत्त्व काढताना वस्त्रगाळ करून चोथा फेकला, तर त्याबरोबर हा अंशही जातो. दाणे मोडवून दळले किंवा पीठ आंबवून आंबील केली, तर शरीरास खनिजे लागू होण्यातील अडथळा कमी होतो. आपल्या आज्यांची आंबील ही केवळ गरिबीची सोय नव्हती.

तरीही लागवड घटत गेली. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली. धाटावला रासायनिक कारखाने, नागोठण्याजवळ पेट्रोकेमिकलचा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. उतारावर वाकून रोप लावण्यापेक्षा रोजगार बरा, हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. दापोलीच्या कृषि विद्यापीठाने, जे १९७२ साली स्थापन झाले, ‘दापोली-१’ सारख्या नाचणीच्या सुधारलेल्या जाती दिल्या. परंतु बी सुधारले म्हणजे कसणाऱ्याची स्थिती सुधारते, असे थोडेच आहे?

आणि आता चक्र फिरले आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. तत्पूर्वी २०१८ सालीच आपल्या सरकारने ‘भरड’ हे विशेषण बाजूस सारून ह्या धान्यांना पौष्टिक धान्ये असे संबोधिले होते. नाचणीची बिस्किटे, नाचणीचे पोहे, नाचणीच्या शेवया सुंदर वेष्टनांत ओटाच्या शेजारी मांडल्या गेल्या. ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु ओटाच्या इतिहासाने शिकविलेला धडा येथे विसरता कामा नये. धान्याचा मान वाढला म्हणजे धान्य पिकविणाऱ्याचा मान आपोआप वाढत नाही. गिरणीवाला व जाहिरातदार मध्ये असतातच. २००६ च्या वनहक्क कायद्याने दळी कसणाऱ्यांना आपला हक्क मागण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि रायगड जिल्ह्यातील अनेकांनी त्याप्रमाणे दावे दाखल केले. १८८७ च्या कमिशनापुढे जो प्रश्न होता, त्याचेच हे शेपूट होय.

तात्पर्य, ओट खावा की नाचणी, हा वाद आम्हांस गौण वाटतो. ज्याच्या प्रकृतीस व खिशास जे मानवेल ते त्याने खावे. दोन्ही धान्ये उत्तम आहेत. परंतु नाचणीची भाकरी पानात घेताना ती कोणत्या उतारावर पिकली, आणि तो उतार कसणाऱ्याच्या नावे आहे की नाही, एवढी चौकशी सुशिक्षित घरांतून होऊ लागली, तर त्या धान्याचा हलकेपणा खऱ्या अर्थाने गेला असे म्हणता येईल.