हिमाद्रीचे बिऱ्हाड

ज्या १९८१ साली मे महिन्याच्या पहिल्या तारखेस औरंगाबादचे तालुके तोडून आणि परभणीकडील परतूरची त्यांस जोड देऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, त्याच सालच्या ६ डिसेंबरला गोव्याच्या मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ नावाचे नॉर्वेजियन जहाज एकवीस भारतीयांना घेऊन अंटार्क्टिकाच्या दिशेने निघाले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध काहीही नाही. परंतु ज्याचा कापूस, ज्याची मोसंबी आणि ज्याच्या घरची लग्नकार्येसुद्धा पावसाच्या मर्जीवर अवलंबून, अशा जिल्ह्याच्या रहिवाशाने ध्रुवप्रदेशातील भारतीय ठाण्यांचा इतिहास परक्या मुलखाची बखर म्हणून वाचू नये, असे मला मनापासून वाटते. हा इतिहास बहुधा ध्वज रोवल्याच्या तारखांनी सांगितला जातो. वस्तुतः तो रसदीचा, इंधनाचा, पिण्याच्या पाण्याचा आणि दुरुस्तीचा इतिहास आहे.

डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालील ती पहिली तुकडी ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली आणि पाहणी करून परतली. मुक्कामाचा इमला उभा राहिला तो तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ च्या उन्हाळ्यात; आणि त्या मोहिमेचे नेते होते डॉ. हर्ष गुप्ता, ज्यांचे नाव कोयनेच्या भूकंपाच्या अभ्यासामुळे महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातील, नागपुरात जन्मलेल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या डॉ. अदिती पंत याच मोहिमेत होत्या. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह त्या खंडावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे सुमारे आठ आठवड्यांत बांधून झाले आणि बारा माणसे तेथे हिवाळा काढण्यास मागे राहिली. जहाज एकदा परत फिरले की पुढचा उन्हाळा येईपर्यंत एखादा नटबोल्टदेखील बाहेरून मिळणार नाही, अशा ठिकाणी जनित्राची देखभाल करणारा माणूस आणि स्वयंपाकी यांची योग्यता शास्त्रज्ञाहून तिळभरही कमी नसते.

मात्र ते ठाणे उभे होते समुद्रावर पसरलेल्या हिमस्तरावर. दरसाल साचणाऱ्या बर्फाने इमारत हळूहळू गाडली जाऊ लागली आणि १९९० च्या सुमारास ती सोडून द्यावी लागली. तोवर ‘मैत्री’ हे दुसरे ठाणे उभे राहिले होते. यावेळी जागा उघड्या खडकाची निवडली गेली, आणि शेजारच्या प्रियदर्शिनी सरोवराचे पाणी पंपाने घरात आणण्याची तजवीज झाली. २०१२ साली सुरू झालेल्या ‘भारती’ या तिसऱ्या ठाण्याची बांधणी तर मालवाहू कंटेनर एकास एक जोडून केलेली आहे. पहिले घर गमावून मिळालेले शहाणपण या दोन्ही इमारतींत स्पष्ट दिसते.

उत्तर ध्रुवाकडचा प्रकार निराळा आहे. १९२० च्या पॅरिस येथील, स्वालबार्ड द्वीपसमूहाबाबतच्या करारावर ब्रिटिश साम्राज्याचा एक घटक म्हणून हिंदुस्थानचीही स्वाक्षरी झाली होती. पण त्या द्वीपसमूहात संशोधनासाठी भारतीय पथक पोहोचले ते २००७ साली, आणि १ जुलै २००८ रोजी तेथील न्यू-ऑलेसुंद या वस्तीत ‘हिमाद्री’ हे ठाणे सुरू झाले. उत्तर ध्रुव तेथून सुमारे १,२०० किलोमीटर. ही वस्ती मूळची कोळशाच्या खाणकामगारांची. १९६२ च्या स्फोटात एकवीस जण दगावल्यावर खाण कायमची बंद झाली, आणि जिची ती खाण होती त्याच किंग्ज बे कंपनीकडे आज गावाचा सारा कारभार आहे. वीज तिची, भोजनगृह तिचे, धक्का तिचा आणि धावपट्टीही तिचीच. आपले ठाणे तेथे भाडेकरू आहे. दक्षिणेत आपण स्वतःचा प्रपंच स्वतः वाहतो. उत्तरेत भाडे भरून घरमालकाचे नियम पाळतो, आणि हा सौदा मला शहाणपणाचा वाटतो. नियमही सकारण आहेत: वस्तीतील मोठ्या दुर्बिणीला अतिदूरच्या क्वेसारांकडून, म्हणजे दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांकडून, येणारे क्षीण रेडिओसंकेत टिपता यावेत म्हणून बिनतारी उपकरणे बंद ठेवावी लागतात, आणि वस्तीबाहेर पडताना पांढऱ्या अस्वलांपासून बचावासाठी खांद्यावर बंदूक असावी लागते.

पंधरा वर्षे हिमाद्री प्रायः उन्हाळ्यापुरतेच चालले. ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवतच नाही, आणि त्या दीर्घ रात्रीच्या नोंदी आपल्या दप्तरात अपुऱ्याच राहात. २०१४ साली वस्तीशेजारच्या काँग्सफ्योर्ड या खाडीच्या पाण्यात ‘इंडआर्क’ ही उपकरणमाला सोडल्याने समुद्राचे तापमान व क्षारता बारमाही मोजली जाऊ लागली. परंतु हवेच्या नोंदींसाठी माणूस हवा होता. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले हिवाळी पथक रवाना झाले. त्यात गोव्याच्या ध्रुवीय केंद्राबरोबर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचेही संशोधक होते. कडाक्याच्या थंडीसाठी वेगळे कपडे, काळोखात काम करण्याचा सराव आणि पाळीपाळीने बदलणारी माणसे, एवढा सरंजाम जमल्याशिवाय ठाण्याची ही सुधारणा शक्य नव्हती.

जालन्याचा संबंध येतो तो येथे. गोव्याच्या ध्रुवीय केंद्रातील संशोधकांनी २०२१ साली असे मांडले की उत्तरेकडील कारा समुद्रावरील उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांत दुवा असू शकतो. शेवटचा शब्द अद्याप कोणी उच्चारलेला नाही, आणि तो उच्चारण्यासाठीच वर्षानुवर्षांच्या अखंड नोंदी लागतात. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे असते, वेचणीच्या तोंडावर कापसाची बोंडे काळी पडतात, तो मोसम नेमका या सप्टेंबरी अतिवृष्टीचाच. आणि २०१२-१३ च्या अवर्षणात वाळलेल्या मोसंबीच्या बागा ज्यांना कुऱ्हाड लावून तोडाव्या लागल्या, त्या अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्यांना पावसाची दोन्ही टोके सारखीच ठाऊक आहेत.