वाहक द्रव्य किती हवे? खोडदच्या तारजाळीचा इतिहास

प्लास्टिक मूलतः विद्युतरोधक. त्यात काजळीची पूड अल्प प्रमाणात मिसळल्यास रोध फारसा बदलत नाही. मात्र एका विशिष्ट प्रमाणापाशी कणांचा सलग मार्ग तयार होतो आणि रोध एकाएकी लाखो पटींनी घटतो. ब्रॉडबेंट व हॅमर्सली यांनी १९५७ साली मांडलेल्या पाझरण-सिद्धान्ताने पुढे या उंबरठ्याचा उलगडा झाला. काजळी अधिक घालावी, तर प्लास्टिक ठिसूळ होते. म्हणूनच १९९१ नंतर बारीक, लांबट कर्बनलिकांकडे संशोधक वळले. थोड्या द्रव्यातही त्या एकमेकींना गाठतात. राशीपेक्षा मांडणी निर्णायक ठरते, ती अशी.

हाच प्रश्न, निराळ्या द्रव्याच्या संदर्भात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे सोडविला गेला. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचा इतिहास बहुधा खगोलशास्त्राचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो पदार्थविज्ञानाचाही आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप यांना ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारावयाच्या होत्या. भरीव पत्र्याच्या तबकड्यांचे वजन, वाऱ्याचा दाब आणि खर्च पेलणारा नव्हता. त्यांनी १६ अन्वस्ताकार चौकटींमध्ये पोलादी दोर ताणून त्यांवर अवघ्या ०.५५ मिलिमीटर जाडीच्या तारांची जाळी बसविली. जाळीची छिद्रे मध्यभागी १० मिलिमीटरची, तर कडेला २० मिलिमीटरची. २१ सेंटिमीटर लांबीच्या तरंगालाही ही जाळी बव्हंशी पत्र्यासारखीच भासते.

तारा गंजरोधक पोलादाच्या आहेत, ही बाब लक्षणीय होय. तांब्याच्या तुलनेत या पोलादाची वाहकता सुमारे चाळीसावा हिस्सा. परंतु उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगत काही शतांश मिलिमीटर खोलीतच वाहतो. गाभ्याचा उपयोग केवळ बळकटीसाठी. पावसाळी हवेत टिकाऊपणा राखण्यासाठी वाहकतेचा केलेला हा त्याग योग्यच म्हणावा लागेल.

२०१९ पर्यंत दुर्बिणीची ग्राहकयंत्रणा बदलण्यात आली. तबकड्या त्याच राहिल्या. परिसर मात्र तसा राहिला नाही. ही जागा निवडताना तेथील रेडिओशांतता हे एक प्रमुख कारण होते. आज जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी भ्रमणध्वनी मनोरे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे पोहोचली आहेत. अशा उपकरणांच्या साध्या प्लास्टिक आवरणातून रेडिओतरंग बिनदिक्कत बाहेर पडतात. कर्बयुक्त वाहक आवरण त्यांना बऱ्याच अंशी आत रोखते. प्रयोगशाळेतील उंबरठ्याचा प्रश्न खोडदच्या शिवाराशी येऊन भिडतो, तो या ठिकाणी.