बॉम्बे हायचं खारं पाणी

मी जळगाव जामोदचा. आमच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारं आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, चहाचा एक घोट पुरतो. म्हणून समुद्रातल्या तेलविहिरीतूनही खारं पाणीच निघतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. आजची गोष्ट त्याच पाण्याची.

फेब्रुवारी १९७४. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या रिगला तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. पण तेल एकटं येत नाही. खडकात अडकलेलं जुनं पाणी सोबत येतं, आणि विहीर म्हातारी होते तसं तेल घटतं, पाणी वाढतं. ते वेगळं करून पुन्हा जमिनीखाली तरी ढकलतात, नाहीतर साफ करून समुद्रात सोडतात.

समुद्रात सोडायचं, तर आपला नियम असा : ९५ टक्के तपासण्यांत लिटरमागे ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल नको, आणि १०० च्या वर कधीच नको. युरोपच्या उत्तर समुद्रातही आधी ४० होतं, २००६ च्या अखेरीपर्यंत ३० वर आणायचं ठरलं.

आता खरी गंमत. पाण्यात ‘तेल’ किती, हे मोजायच्या पद्धतीवर ठरतं! पूर्वी फ्रीऑन घालून तेल ओढून घ्यायचे आणि इन्फ्रारेड किरणांनी मोजायचे. मग १९८७ च्या माँट्रियल करारानं ओझोन खाणाऱ्या फ्रीऑनवर गदा आणली. उत्तर समुद्रात २००७ पासून गॅस क्रोमॅटोग्राफी आली. पाणी तेच, आकडा वेगळा.

पण आकडा कुठलाही असो, तो तेलाचाच. पाइप गंजू नये, तेल-पाणी सुटं व्हावं, जंतू मरावेत म्हणून आत रसायनं सोडतात (आपण फवारणीला ‘औषध’ म्हणतो, तसंच हे). ती या चाचणीत धडपणे दिसत नाहीत. गंजरोधकातले काही अमोनियम क्षार तर साबणासारखे: थोडे तेलात, थोडे पाण्यात, आणि उरलेले नमुन्याच्या बाटलीलाच चिकटलेले. त्यांना शोधायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, आणि तिथे मीठ आडवं येतं, खुणा दाबून टाकतं. म्हणून आधी मीठ धुऊन काढायचं, मग शोधायचं. मला वाटतं, ४० चा आकडा वाचून ‘पाणी स्वच्छ’ म्हणणं फार घाईचं आहे. युरोपनं २०१२ मध्ये सगळ्या पाण्याचा एकत्रित धोका तपासायचा मार्ग धरला, त्यात पाणी थेट शेवाळासारख्या जीवांवर आजमावणंही आलं.

पुढच्या भागात आपल्या लोणारला जाऊ. २०२० च्या जूनमध्ये तिथलं खारं पाणी गुलाबी झालं होतं, आणि ते कशामुळे हे तपासायला नमुने पुण्या-नागपूरपर्यंत गेले होते.