अज्ञान, सज्ञान आणि मुदत : दुहेरी नागरिकत्वाच्या मुलांविषयीचा भारतीय कायदा

मराठी कायदेभाषेत अठरा वर्षांखालील व्यक्तीस ‘अज्ञान’ म्हणतात. ते वय पूर्ण होताच ती ‘सज्ञान’ ठरते. या दोन शब्दांमागील कल्पना स्पष्ट आहे. ज्याला अजून ज्ञान नाही, त्याच्या संमतीला किंवा नकाराला कायदा पूर्ण अर्थ देत नाही. परंतु नागरिकत्वाच्या क्षेत्रात याच अज्ञान व्यक्तीच्या वाट्याला ‘स्वेच्छा’ हा शब्द येतो, आणि त्याच्या मागोमाग ‘मुदत’ हा दुसरा शब्द येतो. जन्माने वा वंशाने दोन राष्ट्रांशी बांधल्या गेलेल्या मुलाचे भारतातील वास्तव्य कोणत्या क्षणी मुदतीबाहेरचे ठरते, हा प्रश्न या तीन शब्दांच्या संबंधात दडलेला आहे. त्या संबंधाचा इतिहास थोडक्यात मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुदतीबाहेर राहण्याचा दोष केवळ विदेशी व्यक्तीलाच लागू शकतो. नागरिकाच्या वास्तव्याला मुदत नसते. यास्तव ‘विदेशी कोण?’ हा प्रश्न आधीचा, आणि व्हिसाचे दिवस मोजणे नंतरचे. विदेशी व्यक्तींविषयीचा १९४६ चा कायदा ब्रिटिश अमदानीत झाला. त्यातील ‘विदेशी’ या शब्दाची व्याख्या ‘ब्रिटिश प्रजाजन’ या संकल्पनेवर उभी होती. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, १९५५ चा नागरिकत्व कायदाही आला. तरी ती व्याख्या तशीच राहिली. १९५७ च्या दुरुस्तीने ‘जो भारताचा नागरिक नाही तो विदेशी’ अशी सरळ व्याख्या करण्यात आली. तेव्हापासून विदेशी या शब्दाला स्वतःचा असा आशय उरला नाही. नागरिकत्व गेले, की त्या रिकाम्या जागी परकेपणा आपोआप येतो.

या व्याख्येचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हे गोव्याच्या एका प्रकरणात दिसून आले. गोवा, दमण व दीव मुक्त झाल्यानंतर २८ मार्च १९६२ रोजी नागरिकत्वविषयक आदेश निघाला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः, अथवा ज्याच्या आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणीही, त्या प्रदेशात जन्मला असेल, तो त्या दिवशी भारताचा नागरिक झाला असे मानण्यात आले. ज्याला आपले पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखावयाचे असेल, त्याने एका महिन्यात तसे प्रतिज्ञापन करावे, अशी सवलत त्यात होती. मोंतेरो नामक कॅथलिक धर्मगुरूंनी ही सवलत घेऊन पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखले. त्यांची विदेशी म्हणून नोंद झाली आणि १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंत राहण्याचा परवाना त्यांना मिळाला. त्यांनी तो वाढवून मागितला नाही, आणि देश सोडण्याचा हुकूमही पाळला नाही. तीस दिवसांची साधी कैद व पन्नास रुपये दंड ही शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९६९ मध्ये कायम केली. गोव्यातच जन्मलेला मनुष्य गोव्यातच मुदतीबाहेर राहिला, असा हा प्रसंग आहे. त्यांनी सीमा ओलांडली नव्हती. एक कागद मात्र दिला होता. परंतु तो कागद त्यांनी सज्ञानपणे, परिणाम जाणून दिला होता, हेही नमूद केले पाहिजे. मुलाच्या बाबतीत तो कागद दुसराच कोणी देतो.

मूल दोन राष्ट्रांचे होते ते बहुधा दोन तत्त्वांच्या भेटीमुळे. काही देश जन्मभूमीवरून नागरिकत्व देतात, काही वंशावरून. प्रत्येक राष्ट्राने आपले नागरिक कोण हे आपल्याच कायद्याने ठरवावे, हे १९३० च्या हेग करारानेही मान्य केले. त्यामुळे अशी भेट अटळच होती. भारतीय घटनेच्या ९ व्या अनुच्छेदाने स्वेच्छेने परराष्ट्राचे नागरिकत्व घेणाऱ्यास नागरिकत्व नाकारले, आणि १९५५ च्या कायद्याच्या ९ व्या कलमाने तेच तत्त्व पुढे चालविले. यावरून भारतात दुहेरी नागरिकत्वाला स्थानच नाही, असे सर्रास म्हटले जाते. बालकांपुरते हे विधान संपूर्णतः खरे नाही.

त्याचा पुरावा ४ थ्या कलमात आहे. परदेशी जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व मिळे ते आरंभी केवळ पित्याकडून. आई भारतीय व पिता परकीय असेल तर त्या मुलाला आजोळी येण्यासही व्हिसा लागे, आणि आजीच्या घरातील त्याच्या मुक्कामाला मुदत असे. १० डिसेंबर १९९२ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी हा भेद नाहीसा झाला. आई वा वडील, कोणीही एक भारतीय असणे पुरेसे ठरले. पुढे ३ डिसेंबर २००४ पासून नवी अट आली. अशा मुलाच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत, किंवा त्यानंतर केंद्र शासनाच्या अनुमतीने, झाली पाहिजे. आणि मुलाजवळ अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांनी लिहून दिले पाहिजे. येथील शब्दयोजना लक्षणीय आहे. अट पासपोर्टची आहे, नागरिकत्वाची नाही. त्याच दुरुस्तीने असेही सांगितले, की असे मूल दुसऱ्या देशाचेही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत त्याने ते दुसरे नागरिकत्व सोडले नाही तर भारतीय नागरिकत्व संपेल. म्हणजे साडेअठरा वर्षांच्या वयापर्यंत दुहेरी नागरिकत्व कायद्याला ठाऊक आहे व सह्यही आहे.

व्यवहारात मात्र ही सवलत अडखळते. अमेरिकेत जन्मलेले मूल तेथील घटनेच्या १४ व्या दुरुस्तीमुळे त्या देशाचे नागरिक होते, आणि आपल्या नागरिकाने आपल्याच पासपोर्टवर ये-जा करावी असा त्या देशाचा नियम आहे. आईवडिलांनी तो पासपोर्ट घेतला तर भारतीय वकिलातीतील प्रतिज्ञापन करता येत नाही. न घेतला तर परतीची वाट अडते. बहुसंख्य पालक साहजिकच पासपोर्ट घेतात. मग तेच मूल व्हिसावर भारतात येते. घरातील आजारपणामुळे, पालकांच्या बेबनावामुळे किंवा निव्वळ विस्मरणाने व्हिसाची तारीख उलटते, आणि शाळेत मराठी कविता पाठ करणारे मूल कागदोपत्री मुदतीबाहेरचा विदेशी होते. सात वर्षांखालील बालकाचे कृत्य फौजदारी कायद्यात अपराधच नव्हे, हे खरे. परंतु देशाबाहेर जाताना लागणारी अनुमती, दंड आणि पुढील व्हिसाच्या वेळची शंका यांतून त्याची सुटका नाही.

‘स्वेच्छा’ या शब्दाची अडचण येथेच उभी राहते. नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळविणे हा स्वेच्छेने नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा होय. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बहुमताने वैध ठरविला, आणि २००९ च्या नव्या नियमांतही तो राहिला. प्रौढाच्या बाबतीत त्याचे समर्थन करता येते. पाळण्यातील मुलाच्या छायाचित्रावर निघालेल्या पासपोर्टमधून त्याची इच्छा कशी सिद्ध व्हावी, याचे उत्तर त्या शब्दांत नाही. ज्यांच्या आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म १९६१ पूर्वीच्या गोव्यात झाला, अशा कुटुंबांत हा प्रश्न वारंवार उद्भवतो. पोर्तुगालचा १९७५ चा हुकूमनामा व १९८१ चा राष्ट्रीयत्व कायदा यांच्या आधारे लिस्बनमध्ये जन्मनोंद करणे पालकांना शक्य असते. त्यांनी तेथून मुलाचा पासपोर्ट काढला, की म्हापशात वा मडगावात वाढणाऱ्या त्या मुलाचे भारतीय नागरिकत्व वादात सापडते.

कायदा मुलाचा विचारच करीत नाही, असे मात्र नाही. ८ वे कलम सांगते, की आईवडिलांनी प्रतिज्ञापन करून नागरिकत्वाचा त्याग केला तर अज्ञान मुलाचेही नागरिकत्व जाते; परंतु सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत त्याला ते परत मागता येते. ९ व्या कलमात अशी तरतूद नाही. परदेशी नागरिकत्व घेताच आईवडिलांचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपले असेल, तर त्यांच्या मुलाला ८ व्या कलमाचे दार उघडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२४ रोजी दिला. कलमांची शब्दरचना पाहता हा निर्णय सुसंगतच म्हणावा लागेल. दोष असलाच तर तो रचनेत आहे. आईवडिलांनी विधिपूर्वक त्याग केला की नाही, यावर मुलाचा हक्क अवलंबून राहतो, आणि या दोहोंपैकी कशातही मुलाचा हात नसतो.

परदेशस्थ नागरिक म्हणून २००५ पासून जी नोंदणी सुरू झाली, तिने व्यवहारातील पुष्कळ काच दूर केला. ज्याच्या आईवडिलांपैकी एक तरी भारतीय आहे, अशा अज्ञान मुलाला ही नोंदणी मिळते आणि त्याच्या वास्तव्याला मुदत राहत नाही. तथापि २०१५ मध्ये कायद्याने त्या नावापुढे ‘कार्डधारक’ हा शब्द जोडला. नागरिक या नावाने जो भ्रम होत होता तो त्यामुळे फिटला. मुलाजवळ आता कार्ड आहे, नागरिकत्व नाही.

१९४६ चा कायदाही आता इतिहासजमा झाला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली, आणि मुदतीबाहेरील वास्तव्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. शिक्षेचे आकडे बदलले. परंतु मूल विदेशी कसे ठरते, हा आधीचा प्रश्न नागरिकत्वाच्या कायद्यातच राहिला आहे. ८ व्या कलमातील पुनःप्राप्तीचे वर्ष ९ व्या कलमासही लागू करणे, एवढी छोटी दुरुस्ती केल्यास कायद्याच्या भाषेतील ही विसंगती बरीचशी दूर होईल. ज्याला आपण अज्ञान म्हणतो, त्याला सज्ञान झाल्यावर एकदा तरी स्वतः विचारले पाहिजे; एरव्ही ‘स्वेच्छा’ या शब्दाला अर्थ उरणार नाही.